खाऱ्या पाण्यातील शेजारधर्म

बऱ्हाणपुरापासून समुद्र किती लांब, असे लहानपणी विचारले की आमचे आजोबा म्हणत, "तापीला विचार, ती रोज जाते." मुलताईला उगम पावलेली तापी आमच्या घाटांच्या पायऱ्यांना स्पर्श करून पुढे जाते, ती थेट सुरतेपाशी समुद्राला मिळते. आम्हाला मात्र समुद्र पाहावयाचा तर आगगाडीने मुंबई गाठावी लागते आणि तो प्रवास सुमारे ५०० किलोमीटरांचा आहे. यंत्रमागांच्या आणि केळीच्या बागांच्या या गावी, आमच्या जुन्या घराच्या ओसरीलगतच्या खोलीत, सहा फूट लांबीच्या काचपेटीत समुद्रातले मासे राहतात, हे कळले की पाहुणे चहाचा पेला हातात घेऊनच तिकडे वळतात.

पाहुण्यांचे प्रश्न ठरलेले असतात. हे खातात काय, आणि जगतात किती? तिसरा प्रश्न बहुधा घरातल्या लहान मुलांचा असतो : हे भांडत नाहीत का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे आम्ही पुस्तकांतून मिळविली. तिसऱ्याचे उत्तर मिळविण्यासाठी दोन मुके जीव आमच्या हातून गेले. तीच हकीगत येथे सांगावयाची आहे.

या छंदाचे मूळ शोधू गेल्यास ते मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयात सापडेल. मरीन ड्राइव्हवर १९५१ साली सुरू झालेले ते मत्स्यालय आमच्या पिढीतील कित्येकांच्या उन्हाळी सुटीचा अविभाज्य भाग होते. काळोख्या दालनातून एकेका उजळलेल्या खिडकीपुढे आम्ही नाक टेकवून उभे राहत असू आणि मागून मामा "चला, पुढे चला" म्हणत असत. तिथल्या माशांना समुद्र समोरच होता. रस्ता ओलांडला की पाणी. आम्ही मात्र मोठेपणी नेमके तेच चित्र सातपुड्याच्या पायथ्याशी उभे करण्याचा हट्ट धरला.

हट्ट धरला तोही कोणत्या माशासाठी, तर टँगसाठी. प्रवाळांच्या खडकांवर वाढणारे शेवाळ चरत फिरणाऱ्या माशांचे हे एक मोठे कुळ आहे. त्यात ऐंशीच्या वर जाती आहेत. देह बाजूंनी चपटा, ताटासारखा, तोंड लहान, आणि शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंस एकेक धारदार काटा. बहुतेक जातींत हा काटा चाकूच्या पात्याप्रमाणे खाचेत मिटलेला असतो आणि शेपूट वळताच बाहेर येतो. त्यावरूनच त्यांना सर्जन मासे, म्हणजे शस्त्रवैद्य मासे, असे नाव पडले. आमच्या आत्याबाईंना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "वैद्य कसला? न्हाव्याचा वस्तरा म्हणा." जाळीने पकडू गेल्यास हा वस्तरा जाळीत अडकतो व मासा जखमी होतो, म्हणून टँग हलवावयाचा तर प्लॅस्टिकच्या भांड्यात पाण्यासकट उचलावा, हे आमच्या वहीतील पहिले टिपण आहे.

हिंदी महासागरातील पावडर ब्ल्यू टँग हा या कुळातील राजबिंडा. आकाशी निळा देह, काळे मुख, गळ्याशी पांढरी पट्टी आणि पाठीवर हळदी रंगाचा पर. लक्षद्वीपच्या आणि मालदीवच्या प्रवाळांत तो राहतो. मुंबईच्या एका दुकानात त्याला पाहिले आणि आमची विवेकबुद्धी तेथेच संपली. दुकानदाराने "जगेल हो, काही होत नाही" असे म्हटले. आम्हाला तेच ऐकावयाचे होते.

पहिले पंधरा दिवस तो उत्तम राहिला. पेटीचा एक कोपरान् कोपरा त्याने तपासला आणि सगळीच पेटी आपली असल्याचे ठरवून टाकले. मग पुतण्या मुंबईस गेला होता, त्याने येताना त्याच कुळातील दुसरा मासा आणला. फिकट पिवळसर अंगावर काळ्या उभ्या पट्ट्यांचा हा मासा इंग्रजीत कैदी म्हणून ओळखला जातो. किंमत कमी, आकार लहान, स्वभाव गरीब. एकाला सोबत होईल, असा आमचा भाबडा हिशेब होता.

पाण्यात सोडल्यापासून दहाव्या मिनिटाला पाठलाग सुरू झाला. निळा मासा तिरका होऊन, शेपूट पुढे करून अंगावर जाई. कैदी पंपाच्या नळीमागे लपे. तिसऱ्या दिवशी त्याचा पर फाटलेला दिसला. त्याने खाणे सोडले. पाचव्या दिवशी त्याच्या अंगावर मिठाचे कण शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके आले आणि दहाव्या दिवशी तो गेला. त्यानंतर चारच दिवसांत, विजयी वीराच्या अंगावरही तेच ठिपके उमटून तोही गेला. आत्याबाई इतकेच म्हणाल्या, "एका म्यानात दोन तलवारी ठेवल्यात. दुसरे काय होणार?" त्या रात्री घरात कोणी त्या खोलीचा दिवा लावला नाही.

आम्हाला वाटले होते, मासे रोगाने मेले. पुढे वाचन केले तेव्हा कळले की रोग हा शेवटचा अंक होता.

टँग भांडतो तो स्वभावाने दुष्ट असतो म्हणून नव्हे. समुद्रात शेवाळाचा एक तुकडा हे त्याचे शेत असते आणि त्या शेतावर तो दिवसभर चरतो. सारख्या बांध्याचा, सारख्या तोंडाचा दुसरा मासा दिसला की त्याला आपल्या शेतातला वाटेकरी दिसतो. उलट कैदी मासा समुद्रात थव्याने फिरतो. शेकडो मासे एकदम येऊन दुसऱ्याच्या राखलेल्या शेतावर तुटून पडतात आणि राखणदाराला एकटा कोणाकोणाला हाकलावे ते कळत नाही. गर्दी हेच त्या गरीब माशाचे शस्त्र असते. आम्ही त्याला एकटे आणले, म्हणजे निःशस्त्र करूनच आणले आणि ज्याच्या शेतात जायला समुद्रात त्याला शंभर सोबती लागले असते, त्याच्या दारात उभे केले. हे वाचले तेव्हा आम्हाला पहिल्याने खरे वाईट वाटले.

आता त्या पांढऱ्या ठिपक्यांविषयी. हा एका सूक्ष्म परजीवीचा रोग असून टँगच्या नाजूक कातडीला तो लवकर धरतो. भ्यालेल्या, उपाशी माशाची प्रतिकारशक्ती खालावते आणि मग तो झपाट्याने पसरतो. परजीवी माशाच्या अंगावर तीन ते सात दिवस राहतो, मग गळून तळाशी जातो, तेथे कवच करून वाढतो आणि त्यातून शेकडो पिले बाहेर पडून नवा मासा शोधतात. म्हणूनच ठिपके मध्येच नाहीसे होतात, मालक सुटकेचा निःश्वास टाकतो, आणि आठवड्याने दसपट ठिपके येतात. पाण्यातील पिलांना एकदोन दिवसांत मासा मिळाला नाही तर ती मरतात. परंतु तळाची कवचे मात्र फार दिवस तग धरतात. यास्तव रोग झालेली पेटी सुमारे अडीच महिने माशांविना रिकामी ठेवावी लागते. आमच्याकडे दोन विदूषक मासे वाचले होते. त्यांना वेगळ्या टाकीत हलविले आणि दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत आम्ही खडक आणि पाणी पाहत बसलो. पाहुणे विचारीत, "मासे कुठे आहेत?"

त्या रिकाम्या दिवसांत आम्ही पाण्याकडे लक्ष दिले. बऱ्हाणपूरकरांना पाण्याविषयी कोणी शिकवू नये, असा आमचा गावअभिमान आहे. अब्दुल रहीम खानखानाच्या काळी, १६१५ च्या सुमारास, सातपुड्यातून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्याने शहरात आणणारा कुंडी भंडारा येथे बांधला गेला आणि शंभरावर कुंड्यांची ती मालिका आजही पाहण्यासारखी आहे. परंतु त्याच बोगद्याच्या भिंतींवर साचलेले पांढरे थर आमच्या पाण्यातील क्षारांची साक्ष देतात. माणसांना ते मानवते, मत्स्यालयाला नाही. नळाच्या वा विहिरीच्या पाण्यात काय काय विरघळले आहे याचा भरवसा नसतो, आणि त्यात सागरी मीठ मिसळले तरी समुद्र होत नाही. म्हणून आर. ओ. यंत्राचे पाणी घ्यावे. आमच्या जड पाण्याने त्या यंत्राचा पडदा लवकर चोंदतो, हा खर्च आधीच धरावा. यंत्रातून वाया जाणारे पाणी आमच्याकडे अंगण धुण्यास जाते, त्यामुळे घरात त्याविषयी तक्रार नाही.

स्वयंपाकघरातील मीठही चालत नाही, कारण ते जवळजवळ सगळे सोडियम क्लोराइड असते. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि इतर अनेक द्रव्ये ठरावीक प्रमाणात असतात. त्यासाठी मत्स्यालयाचे तयार मीठ मिळते. ते लिटरला सुमारे ३५ ग्रॅम लागते, म्हणजे आमच्या पेटीला पहिल्या वेळी वीस किलोंच्या आसपास. विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या जवळ असावे. अमोनिया आणि नायट्राइट शून्य, यात तडजोड नाही. नवी पेटी या अवस्थेला यायला निदान महिना-दीड महिना लागतो, कारण माशांच्या मलमूत्राचे विष पचविणारे जिवाणू खडकांवर आणि वाळूत हळूहळूच वस्ती करतात. टँगसाठी तर आम्ही यापुढे जाऊन म्हणू की, पेटी सहा महिने जुनी होऊ द्यावी. तोवर खडकांवर थोडे शेवाळ येते आणि आलेल्या माशाला पहिल्या दिवसापासून चरावयास काही तरी असते. खडकांवरून आठवले, ते कृत्रिम घ्यावेत. २००१ सालापासून आपल्याकडे सर्व कठीण प्रवाळांना वन्यजीव कायद्याने संरक्षण आहे. कोणी जिवंत प्रवाळ देऊ केला तर नम्रपणे नाही म्हणावे.

मे महिन्याचे काय करावयाचे, हा निमाडातल्या माणसाचा प्रश्न. टँगला २५ ते २७ अंश उष्णता मानवते आणि आमच्याकडे दुपारी पारा ४४ च्या वर जातो. पाणी तापले की त्यातील प्राणवायू घटतो, आणि वाहत्या, फेसाळ पाण्यातला हा मासा ते सर्वांच्या आधी सोसतो. कल्ले भराभर हलू लागले की समजावे. पृष्ठभागावर पंखा सोडला तर बाष्पीभवनाने दोनतीन अंश उतरतात, पण तेवढ्याने भागत नाही; आम्ही शेवटी पाणी थंड करणारे यंत्र घेतले. उडालेल्या पाण्याच्या जागी गोडेच पाणी घालावे, कारण मीठ उडत नाही. वीज गेली तर बॅटरीवर चालणारा हवेचा पंप आपोआप सुरू व्हावा अशी व्यवस्था असल्याशिवाय टँग आणूच नये. हे वाक्य आम्ही संपादकांना ठळक अक्षरांत छापण्याची विनंती करणार होतो.

दुसऱ्या वेळी आम्ही मासे निवडले ते तोंडे पाहून. टँगच्या निरनिराळ्या शाखांचा बांधा आणि चरण्याची रीत निरनिराळी असते, आणि जितका फरक अधिक तितका वैरभाव कमी. प्रथम आणला तो फणीसारख्या बारीक दातांचा एक लहान टँग. तो शेवाळ तोडत नाही, तर खडकावर बसलेला सूक्ष्म थर दातांनी खरवडून खातो. दुसरा स्कोपास, तपकिरी रंगाचा. त्याचे तोंड लांबुडके आणि पाठीवरचा पर शिडासारखा उभारणारा. तो फटींतले शेवाळ खुडतो. आणि अखेरीस, इतर दोघे स्थिरावल्यावर, पुन्हा पावडर ब्ल्यू. सर्वांत भांडखोर तो सर्वांत शेवटी, हा क्रम आम्ही पूर्वी नेमका उलटा केला होता. आणखी एक मत, जे अनेक शौकीन मानतात व आम्हालाही पटते : दोन टँग ठेवण्यापेक्षा मोठ्या पेटीत तीन बरे. दोघांत एक जुलमी आणि एक पीडित होतो. तिघांत जुलमाची वाटणी होते.

प्रत्येकाला आधी वेगळ्या टाकीत ठेवले. येथे परजीवीच्या जीवनक्रमाचाच उपयोग केला. तो माशावरून गळून पडल्यावर नवी पिले बाहेर यायला निदान तीन दिवस लागतात. म्हणून दर तिसऱ्या दिवशी मासा स्वच्छ, कोरड्या केलेल्या दुसऱ्या टाकीत नव्या पाण्यात हलविला की गळलेले परजीवी मागेच राहतात. अशा चार बदल्या केल्या. औषध लागले नाही. तांब्याची औषधे गुणकारी असतात, परंतु प्रमाण मोजण्याचे साधन हाती नसताना ती वापरू नयेत, आणि मुख्य पेटीत तर कधीच नाही. या उपायाने मखमली नावाचा दुसरा, अधिक जीवघेणा रोग जात नाही, म्हणून त्यापुढेही तीन आठवडे नुसते निरीक्षण केले. माशाला नेमके काय आवडते हेही याच काळात कळते. टँगला शेवाळ हवे. जपानी पद्धतीचे नोरी म्हणून जे वाळविलेले शेवाळ मिळते, ते मीठमसाल्याविना असेल तर उत्तम. दिवसातून दोनतीनदा द्यावे. चरणारा प्राणी आहे. सकाळी एकदा वैरण टाकून गाय दिवसभर उपाशी ठेवली तर जे होईल तेच येथे होते. पोट आत गेलेले दिसले, किंवा डोक्यावर व अंगावरील रेषेवर खड्डे पडू लागले, तर आहारात खोट आहे असे धरून चालावे.

मग तो दिवस आला. पावडर ब्ल्यूला आम्ही सरळ पाण्यात सोडले नाही. भोके पाडलेली पारदर्शक पेटी मोठ्या पेटीच्या आत टांगून त्यात ठेवले. स्कोपासने शीड उभारले, काटा दाखविला आणि पेटीवर शेपटीचे फटकारे मारले. दिवसभर हेच चालले होते. पुतण्या म्हणाला, "काका, पुन्हा तेच होणार." आम्हालाही तसेच वाटत होते. पण नोरीचे एक पान पेटीच्या आत आणि एक नेमके त्याच ठिकाणी बाहेर असे चिमट्याने लावीत गेलो. दुसऱ्या दिवशी स्कोपास बाहेरचे पान खाताना मध्येच थांबून फटकारा मारी. तिसऱ्या दिवशी थांबणे कमी झाले. चौथ्या दिवशी दोघे काचेच्या दोन बाजूंना तोंडाला तोंड लावून निमूट चरत होते, जणू एका पंगतीला बसले आहेत. आम्ही आणखी दोन दिवस थांबलो. सातव्या दिवशी संध्याकाळी खडकांची मांडणी बदलली. जुन्या रहिवाशांच्या हद्दी त्यामुळे मोडल्या आणि सगळेच नवे झाले. मग दिवे मालवून झाकण उघडले.

त्या रात्री आत्याबाईसुद्धा जाग्या होत्या. टँग रात्री खडकाच्या फटीत शिरून झोपतात आणि प्रत्येकाची फट ठरलेली असते. नव्या माशाला फट मिळाली की नाही, हे पाहण्यासाठी आम्ही विजेरीवर लाल कागद गुंडाळून दोनदा गेलो. पहाटे तो डाव्या कोपऱ्यातील कमानीखाली सापडला. सकाळी स्कोपासने दोनदा हटकले, एकदा शेपूट फिरविली, आणि तेवढ्यावर प्रकरण मिटले. नोरी आता पेटीच्या दोन टोकांना लावतो; एकाच जागी लावली की शेताचा वाद पुन्हा निघतो.

हे सारे करणे योग्य आहे का, असा प्रश्न एका वाचकमित्राने विचारला होता, आणि तो टाळण्यासारखा नाही. गोड्या पाण्यातील बहुतेक शोभेचे मासे शेतीसारखे पैदा केले जातात. टँगचे तसे नाही. त्यांची पिले अतिसूक्ष्म असतात, कित्येक आठवडे उघड्या समुद्रात तरंगतात आणि त्यांच्या तोंडात मावेल असे खाद्य पुरविणे फार कठीण असते. हवाईतील एका संशोधन संस्थेने पिवळ्या टँगची पैदास २०१५ साली साधली आणि चित्रपटामुळे मुलांना ठाऊक असलेल्या निळ्या डोरीची पैदास फ्लॉरिडात २०१६ साली झाली. तथापि आमच्या पेटीतील तिन्ही मासे कोणत्या तरी प्रवाळावरून उचललेलेच आहेत. पिवळ्या टँगचे वय हवाईच्या समुद्रात चाळीस वर्षांवर आढळले आहे. म्हणजे आज विकत घेतलेला टँग, नीट सांभाळला, तर आमच्या मागेही राहू शकतो. चार फुटांहून लहान पेटी असलेल्यांनी या कुळाच्या वाटेस जाऊ नये; पावडर ब्ल्यूसाठी सहा फूट हे कमीत कमी समजावे. तो वीतभर होतो आणि दिवसभर पोहतो. ज्यांना जागा नाही त्यांनी विदूषक माशांची जोडी पाळावी. ती पैदाशीचीही मिळते आणि दोन फुटांच्या पेटीत संसार थाटते.

आमच्या पुतण्याने आता वहीत तिन्ही माशांची लांबी दर सहा महिन्यांनी लिहिण्यास आरंभ केला आहे. गेल्या वेळी पावडर ब्ल्यू चौदा सेंटिमीटर भरला. ओसरीची मधली भिंत काढली तर आठ फुटांची पेटी बसेल, असे त्याने मोजून ठेवले आहे. भिंत आत्याबाईंच्या देवघराची आहे. बोलणी चालू आहेत.